वाचक विचारतात : डोंबिवलीत राहायला येताना

गेल्या अंकात मी डोंबिवलीतील माझ्या चाळीसहून अधिक वर्षांच्या वास्तव्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी चिपळूणचा. पुढील महिन्यापासून फोर्टमधील एका कार्यालयात रुजू होत आहे आणि डोंबिवली पूर्वेला मावशीकडे राहणार आहे. कार्यालय साडेनऊचे आहे. घरून कधी निघावे आणि गाडीत बसायला जागा मिळते का?

उत्तर : डोंबिवलीपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 48 किलोमीटरवर आहे. जलद लोकलने सव्वा तास आणि सकाळच्या रखडपट्टीसाठी वर पंधरा मिनिटे, असा हिशेब धरा. म्हणजे टर्मिनसहून कार्यालयापर्यंत जायचा वेळही धरता साडेसातच्या सुमारास तुम्ही फलाटावर हवेत. इथे गाडीला तिच्या मिनिटांवरून नाव पडते आणि महिनाभरात तुम्हीही ‘माझी गाडी गेली’ असे म्हणू लागाल, जणू ती घरच्या दारातून सुटली होती.

जागेविषयी सांगायचे तर कर्जत, कसारा, बदलापूरहून येणाऱ्या गाड्या डोंबिवलीला पोहोचेपर्यंत भरलेल्या असतात, त्यामुळे बसण्याची आशा डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकलकडून ठेवावी. तीही रिकामी येते असे समजू नका. कोपर, दिवा या बाजूची मंडळी उलट दिशेने डोंबिवलीपर्यंत येऊन खिडक्या धरून बसलेली असतात. याला ‘रिटर्न येणे’ म्हणतात. गाडी पुरती थांबण्याआधीच आत उड्या मारणारे तुम्हाला दिसतील, त्यांचे अनुकरण करू नका. तिघांच्या बाकावर चौथा अर्धवट टेकतो, ती ‘चौथी सीट’. नवख्या माणसाची सुरुवात साधारण तेथून होते. एका ठरावीक डब्यात रोज चढत राहिलात तर काही आठवड्यांनी एखादा ग्रुप तुम्हाला आपला मानू लागेल, आणि मग डोंबिवलीपासून बसून आलेला कोणी तरी घाटकोपरच्या आसपास उठून ‘बसा आता तुम्ही’ म्हणेल. हा नियम कोठेही लिहिलेला नाही, तरी तो पाळला जातो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी किंवा दसऱ्याला डब्याला तोरण बांधून पूजा होते. त्या वर्गणीला मागेपुढे पाहू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. दारात लटकून प्रवास करू नका. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचे जीव गेले. लेट मार्क लागला तर लागू द्या, पुढची गाडी घ्या.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी निवृत्त असून साताऱ्याचे घर बंद करून मुलाकडे येत आहोत. मुलगा व सून सकाळी साडेसातला बाहेर पडतात ते रात्री साडेआठला परततात. आमचा दिवस कसा जाईल? शिवाय मुलगा दोन घरे पाहतो आहे : एक पूर्वेला स्टेशनपासून दहा मिनिटांवरचे जुने व लहान, दुसरे शहराच्या कडेच्या सत्तावीस गावांच्या बाजूला नव्या संकुलातील मोठे, तरण तलावासह. कोणते घ्यावे?

उत्तर : इमारतीला लिफ्ट असेल आणि पाण्याची वेळ शेजाऱ्यांना विचारून खात्री झाली असेल, तर जुने घर घ्या. तरण तलावात साठीच्या पुढचे गृहस्थ पोहताना मी तरी अजून पाहिलेले नाहीत.

आपण दोघे या गावात दिवसभर राहणार आहात, आणि दिवसाची डोंबिवली ही आपल्या मुलाने फारशी न पाहिलेली डोंबिवली आहे. तो सकाळी स्टेशनकडे जाणारी माणसे पाहतो आणि रात्री स्टेशनकडून येणारी. साडेदहानंतर हेच रस्ते मोकळे होतात. भाजीवाल्या पालेभाजी निवडत निवांत बोलू लागतात, वाचनालयाच्या काउंटरवर पुस्तक बदलायला आलेल्या आजी ‘हे वाचलंय मी’ म्हणून तिसऱ्यांदा पुस्तक परत देतात, फडके रोडवरील गणेश मंदिरात गर्दी नसते आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर गुडघ्यांपासून महापालिकेपर्यंत सर्व विषयांचा निकाल लागतो. सत्तरच्या दशकापासून गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून येथे आलेली आमच्यासारखी अनेक कुटुंबे आता आपल्याच वयाची झाली आहेत, तेव्हा ओळखी व्हायला वेळ लागणार नाही. परंतु हे सारे पायी जाता येण्यावर अवलंबून आहे. लांबच्या संकुलातून प्रत्येक कामाला रिक्षा लागते, शेअर रिक्षेच्या रांगेत संध्याकाळी अर्धा तास जातो, आणि हळूहळू माणूस ‘उद्या जाऊ’ म्हणत घरातच बसतो. माझ्या एका स्नेह्यांचे असे झालेले मी पाहिले आहे. सत्तावीस गावांचे म्हणाल, तर ती 2002 मध्ये महापालिकेतून वगळली गेली आणि 2015 मध्ये पुन्हा घेतली गेली. त्या ओढाताणीत रस्ते व पाणी मागे राहिले, हे तेथील रहिवासीच सांगतात.

नातेवाईक पश्चिमेला असतील तर तेही लक्षात घ्या. रुळांनी गावाचे दोन भाग केले आहेत. कोपर पूल 2019 पासून 2021 पर्यंत बंद होता, तेव्हा वाहनाने पूर्वेहून पश्चिमेला जाणे म्हणजे ठाकुर्लीच्या पुलावरचा वळसा आणि कोंडी असे प्रकरण झाले होते. पादचारी पुलाचे जिने आपल्या गुडघ्यांना झेपतात का, ते घर ठरवण्यापूर्वी एकदा चढून पाहावे.

औद्योगिक वसाहतीविषयी आपण विचारलेले नाही, परंतु लपवणे योग्य नाही. पूर्वेला 1960 च्या दशकापासूनची एमआयडीसी आहे. तेथील रासायनिक कारखान्यांत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी मोठे स्फोट झाले, माणसे दगावली आणि बऱ्याच अंतरावरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. काही रात्री उग्र वास येतो, आणि 2020 मध्ये तेथील एक रस्ता चक्क गुलाबी झाला होता. निवासी विभागात झाडी पुष्कळ व घरे ऐसपैस आहेत, तरीही मी स्वतः कारखान्यांच्या कुंपणाजवळ घर घेणार नाही.

आता एक नाजूक गोष्ट, विशेषतः वहिनींसाठी. आपली सून येताना पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या घेऊन येईल. कृपया त्याचे वाईट वाटून घेऊ नका. रात्री आठच्या सुमारास आमच्या नाक्यावरच्या केंद्रासमोर एकदा उभे राहून पाहा. गाडी येऊन गेली की पाच मिनिटांत तेथे रांग लागते. खांद्याला पर्स, हातात रिकामा डबा, केस घामाने कपाळाला चिकटलेले. कोणी फारसे बोलत नाही. बोटांनी ‘सहा’, ‘आठ’ असे दाखवले जाते, आतली बाई न बघता तेवढ्या पोळ्या मोजते, कागदात गुंडाळते आणि ‘आज मटकी आहे, देऊ?’ एवढेच विचारते. तिची स्वतःची पहिली पोळी दुपारी तीनला तव्यावर पडलेली असते. अशी केंद्रे डोंबिवलीत गल्लोगल्ली आहेत, त्यांनी कित्येक घरे चालवली आहेत : पोळ्या विकणारीचे आणि विकत घेणारीचेही. माझ्या आईने सुरुवातीला या पोळ्यांना ‘हॉटेलचे अन्न’ म्हणून नाके मुरडली होती. वर्षभरात ती संध्याकाळी स्वतःच जाऊन पोळ्या आणू लागली, आणि आमटी मात्र घरचीच, हा तिचा नियम शेवटपर्यंत टिकला. आपल्याकडेही अशीच काही वाटणी होईल असे वाटते.

प्रश्न : आम्ही पुण्याचे. जावई डोंबिवलीचे असून दिवाळीच्या पहाटे सर्वांना फडके रोडवर घेऊन जाण्याचा त्यांचा आग्रह आहे. तेथे नेमके असते काय?

उत्तर : माणसे असतात. अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून, नवे कपडे घालून मंडळी गणपतीचे दर्शन घेतात आणि नंतर रस्त्यावर नुसती उभी राहतात. शाळेतले मित्र भेटतात, अमेरिकेत गेलेले भेटतात, पूर्वी याच रस्त्यावर ठरलेली लग्ने आता मुलाबाळांसह भेटतात. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथाही याच मंदिराच्या पुढाकाराने 1999 मध्ये सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली, परंतु दिवाळीच्या पहाटेच्या या भेटीगाठींना आयोजक नाही, कार्यक्रमपत्रिका नाही.

आठच्या आत पोहोचा, गाडी घरीच ठेवा आणि जावयांना दर दहा पावलांवर कोणी तरी ओळखीचे भेटणार हे धरून चाला. मंदिरापासून रस्त्याच्या टोकापर्यंत जायला एरवी पाच मिनिटे लागतात. त्या दिवशी आम्हाला सव्वा तास लागतो.