पॉमेरेनियनचा पुढचा पाय मोडलाय : प्लास्टर की प्लेट?

तुमची दीड वर्षांची पॉमेरेनियन सोफ्यावरून पडली, पुढच्या पायाची दोन्ही हाडं मनगटाच्या जरा वर मोडली. एक डॉक्टर प्लास्टर म्हणतात, दुसरे प्लेट, म्हणजे ऑपरेशन करून हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी. माझं मत विचाराल तर प्लेटच.

वाढत्या पिल्लाचं हाड जागेवरून हललेलं नसेल, तर बऱ्याचदा प्लास्टरवर भागतं. पण पॉम, चिहुआहुआ अशा छोट्या जातींत नेमकी हीच जागा दगा देते. मनगटाच्या वर मांस जवळजवळ नसतंच, त्यामुळे हाडाला रक्तपुरवठा तोकडा. त्यात अंगाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर. एवढंसं बारीक हाड, प्लास्टरच्या आत त्याची टोकं हलत राहतात. दीड महिन्याने प्लास्टर काढावं तर हाड वाकडं जुळलेलं, नाहीतर जुळलेलंच नाही. तोवर टोकं झिजून जातात आणि मग करावं लागणारं ऑपरेशन आजच्यापेक्षा कितीतरी अवघड. अशी कुत्री पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

कुणी नुसता रॉड सुचवला तरी नको. मांडीच्या हाडात तो चालतो. इथे हाडाची पोकळी फार अरुंद, शिवाय रॉड घालताना मनगटाचा सांधा दुखावतो.

जखम उघडी नसेल तर दोन-चार दिवस थांबून चांगला सर्जन शोधा. इतक्या लहान कुत्र्यांना प्लेट नेहमी बसवता का, हे सरळ विचारा. मुंबईजवळ असाल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. तोवर घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरतात.

ऑपरेशननंतर ती काही दिवसांतच पाय टेकवेल. खरी काळजी तिथून. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून डॉक्टर मोकळीक देईपर्यंत पिंजरा किंवा छोटं कुंपण. शी-शूला पट्ट्यावरच, उडी आणि जिना बंद. बँडेजबाहेर दिसणारी मधली दोन बोटं सकाळ-संध्याकाळ बघा. नखं एकमेकांपासून फाकली, बोटं गार लागली किंवा वास आला तर बँडेज घट्ट झालंय किंवा आत चिघळतंय. उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. चार ते सहा आठवड्यांनी एक्स-रे काढाच, चालताना ती कितीही ठणठणीत दिसली तरी.