जुना फ्यूज बोर्ड बदलायचाय, पण सुरुवात कुठून? : वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की बोर्डाचे प्रश्न येतातच. त्यातले चार घेतोय, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण जुन्या पेठांमधल्या बऱ्याच घरांची हीच गत आहे.

प्रश्न : आमचा साताऱ्यात शनिवार पेठेत जुना वाडा आहे. जिन्याखाली लाकडी फळीवर लोखंडी मेन स्विच आणि बाजूला चिनीमातीचे किटकॅट फ्यूज, सगळं आजोबांच्या वेळचं. यंदा वरच्या खोलीत एसी घेतला तेव्हापासून सारखा फ्यूज उडतोय. एक वायरमन म्हणतो फळी काढून एमसीबीचा (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांचा) डबा बसवू, एका दिवसाचं काम. दुसरा म्हणतो आख्खं वायरिंग काढा. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुणाचं ऐकू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दुसऱ्याचं ऐका, पण सगळंच्या सगळं लगेच ऐकायची गरज नाही, का ते सांगतो.

फ्यूज काय आणि एमसीबी काय, काम एकच, भिंतीतली तार तापून पेट घ्यायच्या आत लाईन तोडायची. त्यामुळं एमसीबी किती अँपिअरचा हे तारेच्या जाडीवर ठरतं, एसीवर नाही. तुमच्याकडं बहुतेक लाकडी पट्टीवर क्लिपा मारलेली नाहीतर केसिंग-कॅपिंगमधली जुनी रबरी तार असणार, वरून सुती विणीची. ते रबर इतक्या वर्षांत वाळून जातं, बोर्डापाशी जरा वाकवलं की वाळलेल्या भाकरीसारखे तुकडे पडतात आणि आतली तार उघडी. त्यावर नवाकोरा डबा बसवला की दिसायला झकास, पण मागं तीच उघडी तार, आणि एसी चालावा म्हणून कुणी ३२ चा एमसीबी टाकला तर मग संपलंच, तार जळेल पण एमसीबी हलायचा नाही.

ते वायरिंग झालं तेव्हा घरात असायचं काय, चार बल्ब, एखादा पंखा, रेडिओ. आता सकाळी २००० वॅटचा गीझर आणि खाली इंडक्शनही २००० वर, हिशोब सोपाय, वॅटला २३० नं भागायचं, एकेकाचे पावणेनऊ अँपिअर, दोन्ही मिळून साडेसतरा, त्यात आता तुमचा एसी. जुन्या लाइटिंगच्या तारेनं हे सगळं ओढायचं म्हटल्यावर ती तापणारच.

आणखी एक गोष्ट वायरमनकडून मेन बंद करून बघून घ्या (स्वतः उघडू नका, मेन पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला करंट असतोच). किटकॅटमध्ये आत्ता बांधलंय काय? घरात फ्यूज वायर संपलेली असते आणि कुणीतरी अंधारात कुठल्यातरी वायरीतल्या दोनतीन तारा पिळून बांधलेल्या असतात, आणि तशीच वर्षं जातात. तुमचा फ्यूज निदान उडतोय तरी, जिथं अशा पिळलेल्या तारा आहेत तिथं उडतच नाही, आणि लोकं म्हणतात आमच्याकडं कधी त्रास नाही बघा.

जुन्या फळ्यांवर फेजला (करंट आणणाऱ्या तारेला) एक किटकॅट आणि न्यूट्रललाही (परतीच्या तारेला) एक असा प्रकार बरेच वेळा असतो. हा फार वाईट. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की बल्ब बंद, पंखा बंद, माणूस म्हणतो लाईट गेली, आणि होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत. फळी काढायला एवढं एकच कारण असलं तरी पुरे. नव्या डब्यात मेनला जे बसतं ते फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारं असावं.

आता पैशाचं. वायरमनला मेगर (तारेवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र) लावायला सांगा. ५०० व्होल्टच्या मेगरवर एकेका लाईनचं इन्सुलेशन मोजायचं, १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाईन काढायचीच, त्यात घासाघीस नको. जी लाईन पास होईल आणि रबर अजून मऊ असेल ती नुसत्या दिवे-पंख्यांसाठी ६ अँपिअरच्या एमसीबीवर काही काळ ठेवता येईल. एसी, गीझर आणि स्वयंपाकघर या तीन लाईनी मात्र डब्यापासून नव्या आणि वेगवेगळ्या ओढा. एसी-गीझरला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, किचनच्या पॉवर पॉइंटला निदान अडीच, पुढं कधी लाइटिंग काढाल तेव्हा दीड. वायरवर आयएस ६९४ आणि आयएसआयचा शिक्का बघून घ्या. मेनची तार अ‍ॅल्युमिनियमची निघाली तर तिला तांबं नुसतं पिळून जोडू देऊ नका, तो जोड आतून गंजतो, सैल पडतो आणि तापतो, मेन स्विचच्या पायथ्याशी बेकेलाइट जळल्याचा वास येतो तो बऱ्याचदा तिथलाच.

बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तेही बघा. एसी, गीझर धरून तो अपुरा पडत असेल तर महावितरणकडं भार वाढवायचा अर्ज आधी टाका. दरवेळी खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पुरेशी जाड असेलच असं नाही.

राहिलं अर्थिंग. जुन्या वाड्यांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असायची, आणि त्या काळात ते चालून जायचं. मधल्या काळात नळवाला आला, लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा घातला, काम फक्कड झालं पण अर्थिंग गेलं आणि घरात कुणाला पत्ता नाही. तीन पिनचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं अजिबात समजू नका. डब्याबरोबरच अंगणात वेगळा अर्थपिट घ्या, अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, आणि काम झाल्यावर अर्थ टेस्टर लावून किती ओहम आले तो आकडा कागदावर लिहून घ्या. अजिंक्यतारा किल्ल्याच्या बाजूला पाया मुरमात-खडकात असेल तर एका पिटवर आकडा उतरत नाही, दुसरा पिट घेऊन जोडावा लागतो, वायरमन तसं म्हणाला तर तो फसवत नाहीये.

प्रश्न : वाईला आमच्या घरी नवीन डबा बसवला, त्यात आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा खटका) आहे. पाऊस सुरू झाला की तो पडतो, कधी रात्री दोन वाजता. वायरमन म्हणतो काढून टाकू, नुसता आयसोलेटर (हातानं चालू-बंद करायचा मेन खटका) ठेवू. काढू का? (सौ. एक वाचक, वाई)

उत्तर : ताई, तो आरसीसीबी काढला की त्रास जाईल हे खरंय. पण तो पडतोय म्हणजे घरात कुठंतरी करंट गळतोय, आणि ३० मिलीअँपिअरवर पडणारा हाच एक आहे जो माणूस चिकटला तर वेळेत तोडेल. एमसीबी तुमच्यासाठी काहीही करणार नाही, माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशोबात कुठंच येत नाही.

पाऊस आल्यावरच पडतोय तर आधी बाहेरचं बघा, गेटचा दिवा, गच्चीवरचा होल्डर, बोअरची मोटर, गळक्या भिंतीतला स्विचबोर्ड. सगळे एमसीबी पाडून आरसीसीबी वर करा आणि मग एकेक चढवत जा, ज्याला पडला ती लाईन. आता यात एक गंमत आहे. एका पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो, त्यामुळं न्यूट्रल कुठं ओल्या भिंतीत अर्थला टेकला असेल तर सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी पडू शकतो. मग वायरमनला एकेका लाईनचा न्यूट्रल बारमधून सोडवून बघावं लागतं. वेळखाऊ काम आहे, म्हणून तर तो काढून टाकू म्हणतोय.

भाडेकरूकडं किंवा जिन्यात एखादा दिवा असेल तर तेही तपासा, फेज या आरसीसीबीच्या लाईनीचा आणि न्यूट्रल त्याच्या बाहेरच्या दुसऱ्या लाईनीचा घेतलेला सापडतो. असा दिवा लावला रे लावला की आरसीसीबी पडणार.

आणि हो, त्यावर टेस्टचं बटण असतंय, महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो बदला. फेज आणि न्यूट्रल दोन्हीला एकदम हात लागला तर मात्र आरसीसीबी वाचवत नाही, हेही माहीत असू द्या.

प्रश्न : सांगलीत गावभागात राहतो. २०१९ ला तळमजल्यावरचा डबा पाण्यात गेला होता, वाळवून तोच चालू केला, अजून चालतोय. आता घराचं काम काढलंय, बदलायलाच पाहिजे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बदला, आणि जागासुद्धा बदला. महापुराचं पाणी म्हणजे गाळ, एमसीबीच्या आत स्प्रिंग आणि संपर्काचे बारके भाग असतात, तिथं गाळ बसला की वरून खटका खाली-वर होतो म्हणून माणसाला वाटतं ठीक आहे, पण शॉर्ट झाल्यावर तो पडेल का हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट वाळवून वापरायचे नसतात. वायर मेगरवर पास झाली तर राहू द्या.

२०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ ला परत आलं. तेव्हा डबा चार फुटांवरून सहा फुटांवर नेऊन काय उपयोग नाही, सरळ पहिल्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर घ्या. तळमजल्याच्या सगळ्या लाईनी वेगळ्या करून त्यांना एकच दोन पोलचा आयसोलेटर ठेवा, म्हणजे पाणी दारात यायच्या आधी खालचं सगळं एका खटक्यात बंद करता येईल. इन्व्हर्टरची बॅटरी खाली असेल तर तीही वर न्या, बाहेरची लाईन बंद असली तरी इन्व्हर्टर पाण्यातल्या सॉकेटला करंट देत राहतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

प्रश्न : मीटरही फळीवरच आहे. डबा बदलताना वायरमन म्हणतो मीटरचं सील काढून तो पण सरकवतो. चालेल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : नाही. मीटर आणि खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर ही कंपनीची, सील तोडलं तर वीजचोरीचा संशय तुमच्यावर येतो, वायरमनवर नाही. मीटर हलवायचा अर्ज महावितरणच्या ऑफिसात द्या, चौकशीला १९१२ आहे. मीटरच्या पुढचं सगळं तुमचं, ते परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि काम झाल्यावर त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मागा. द्यायला का-कू करत असेल तर दुसरा गाठा. आणि फळीमागं बऱ्याचदा वाळवी असते, तेव्हा मीटर सरकवायच्या आधी ती भिंत प्लास्टर करून नीट वाळू द्या.