लाकूड फोडायचं मशीन नाशिकहून आणू नकोस

तुझा प्रश्न असा, की सातपूरचा फ्लॅट सोडून तुम्ही दक्षिण जर्मनीत येताय, भाड्याच्या घरात लाकडाची शेगडी आहे, तर ओंडके फोडायचं छोटं विजेचं मशीन अंबडच्या ओळखीच्या वर्कशॉपमधून बनवून आणावं का, आणि किती टनांचं?

आणू नकोस. विजेची अडचण नाही, इथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच. आपली मोटर मजेत फिरेल. पण मशीन ४५-५० किलोचं, पोटात हायड्रॉलिक तेल, आणि वर युरोपचा ‘सीई’ शिक्का, म्हणजे सुरक्षेचे नियम पाळल्याची खूण, नाही. उद्या बोट चेपलं तर विमावाले पहिला प्रश्न त्या शिक्क्याचाच विचारतील. इथल्या बागकामाच्या दुकानांत साधं आडवं मशीन २०० ते ४०० युरोत मिळतं. एवढ्यासाठी जहाजाचं भाडं कशाला भरतोस?

आता टन. खोक्यावर ४, ५, ७ असा आकडा ठळक छापलेला असतो आणि आपण लगेच मोठ्याकडे वळतो. दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर किती जोराने रेटतो, एवढंच तो आकडा सांगतो. मोटर १५०० वॉटचीच ठेवून टन वाढवले, तर दट्ट्या त्या मानाने हळू सरकणार. ताकद काही आभाळातून येत नाही. म्हणून आकड्याआधी लाकूड बघ. वखारीतली गाठाळ बाभूळ डोळ्यांसमोर असेल तर ती विसर. इथला स्प्रूस (सूचिपर्णी झाड) सरळ शिरांचा, ४ टनांतच उभा चिरतो. बीच आणि ओक ही रुंद पानांची झाडं जड लाकडाची, तरी २०-२५ सेंटिमीटर जाडीपर्यंत ५-६ टन पुरतात. खरा त्रास गाठींचा. फांदी फुटली होती त्या जागी पाचर अडते, आणि तिथे ७ टनवालंही कण्हतं.

लांबीकडे मात्र नीट लक्ष दे. इथे लाकूड बहुतेक २५ किंवा ३३ सेंटिमीटरचं कापून मिळतं. छोटी मशीनं ३७ किंवा ५२ सेंटिमीटरपर्यंतचा ओंडका घेतात. शेगडी ३३ची असेल तर ५२च्या मशीनने घरातली जागा अडेल आणि पैसेही जास्त जातील. ८ टनांपुढची उभी मशीनं बहुधा थ्री-फेजवर चालतात. भाड्याच्या घरात त्या वाटेला जाऊच नकोस.

स्टँड असलेलंच घे, हे माझं ठाम मत. जमिनीवर ठेवायचं मशीन स्वस्त पडतं, पण तासभर वाकून ओंडके चढवले की रात्री कंबर धरते. दोन्ही हात गुंतल्याशिवाय दट्ट्या हलत नाही, अशी रचना असते: एक हात लिव्हरवर, दुसरा बटणावर. ‘मी ओंडका धरतो, तू बटण दाब’ हा आपल्याकडचा जुगाड इथे चालवू नकोस. बोटं जातात ती अशाच जोडीकामात.

वायरचं आपल्या वायरमनला सांगावं लागत नाही: एक्स्टेंशन अडीच एमएमची, आखूड, आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली. बारीक लांब वायरवर व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते आणि तापते. सुरू करण्याआधी तेलाच्या टाकीचा हवेचा स्क्रू दोन-तीन आटे सैल कर, काम झालं की घट्ट. हे विसरल्यामुळे सील गेलेली मशीनं दुरुस्तीला येतात. निफाडचा पारा पाच-सहावर आला की आपल्याकडे बातमी होते. इथे तो शून्याखाली मुक्काम ठोकतो आणि तेल दाट होतं, म्हणून आधी थोडा वेळ रिकामं चालव. ओंडका अडला तर ५ सेकंदांवर दाब धरून ठेवू नकोस. मागे घे, फिरव, पुन्हा लाव.

पण फोडण्यापेक्षा वाळवण्याला महत्त्व आहे. इथे ओलाव्याची मर्यादा कायद्यानेच ठरलेली आहे: कोरड्या वजनाच्या २५ टक्के, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण २० टक्के. चिमणी तपासायला येणारा अधिकृत माणूस लाकूडही बघतो. ओलं जाळलं की धूर होतो, काच काळी पडते आणि चिमणीत डांबरासारखा थर चढतो. बहुतेक लाकूड ओलं असतानाच सोपं फुटतं, म्हणून आधी फोडायचं, मग जमिनीपासून उचलून वाऱ्याला रचायचं, आणि झाकण फक्त वरून. बीचला दोन उन्हाळे लागतात, ओकला त्याहून जास्त. म्हणजे एप्रिलमध्ये फोडलेला बीच या हिवाळ्यात जळणारच नाही! पहिल्या वर्षी फोडलेलं, वाळलेलं सरपण विकत घे. ओलावा मोजायचं स्वस्त मीटर मिळतं, ते ताज्या फोडलेल्या बाजूवर टोचून बघ. मशीन दुसऱ्या वर्षासाठी. तोवर शेजाऱ्याचं बघायला मिळेल, कदाचित वापरायलाही. फक्त रविवारी लावू नकोस, इथे रविवारची शांतता फार पाळतात.

घरमालकाला आताच तीन गोष्टी विचारून घे: शेगडीत किती लांबीचं लाकूड बसतं, गॅरेजमध्ये १६ अँपिअरचा सॉकेट आहे का, आणि चिमणी तपासणीचा शेवटचा कागद कुठल्या वर्षाचा आहे. शेगडीमागच्या माहितीच्या पट्टीचा फोटो पाठव, मग मॉडेल ठरवू.