सॅच्युरेशन शंभर, मग पुढे?

ठाणे (पश्चिम)

चि. डॉक्टर,

परवा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा तुझा मेसेज पाहिला. 'सर, पेशंट हार्टचा, भूल देऊन तीन तास शंभर टक्के ऑक्सिजन ठेवला, एकदम सेफ.' फोनवर मी चिडलो असतो, म्हणून लिहितोय.

मीही वर्षानुवर्षं हेच म्हणायचो. मग नौपाड्यातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये एक आजोबा आले, बायपास झालेले, पोटाची केस. एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) पाठवला होता शुगर-पोटॅशियम बघायला. पीएओटू, म्हणजे त्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब, आला ४१०! मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय ते, आपलं शंभर. पीएओटू शे-दीडशे असता तरी तिथे शंभरच दिसलं असतं. आजोबा ठणठणीत घरी गेले, पण तो कागद बरेच दिवस माझ्या खिशात होता.

हिशेब कर. हिमोग्लोबिन १५ असेल तर १०० मिली रक्तात त्याला बांधलेला ऑक्सिजन साधारण २० मिली. विरघळलेला, पीएओटू १०० असताना ०.३ मिली आणि ४१० ला जेमतेम सव्वा. या एका मिलीसाठी कोरोनरी (हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या) आकसतात, हृदयाचा रक्तपुरवठा घटतो, सिस्टेमिक रेझिस्टन्स (शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचा विरोध) वाढतो, हृदयाचा आउटपुट थोडा उतरतो. ज्याच्या कोरोनरी आधीच अरुंद, त्याला हा सौदा कशाला?

आता दुसरी बाजू. २०१५च्या ऑस्ट्रेलियातल्या 'अव्हॉइड' ट्रायलमध्ये, सॅच्युरेशन चांगलं असताना ऑक्सिजन दिलेल्या हार्ट अटॅकच्या पेशंटांत इन्फार्क्ट (हृदयाचा मेलेला भाग) मोठा दिसला. २०१७ला स्वीडनमध्ये सहा हजारांवर पेशंट घेऊन पाहिलं, तर वर्षभरातल्या मृत्यूंत फरक नाही. शिवाय ते सगळे जागे पेशंट, आपल्यासारखे भूल दिलेले नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जखमेचं इन्फेक्शन टाळायला ८० टक्के द्या म्हटलं, भूलतज्ज्ञांनी आरडाओरडा केला, आणि २०१८ला शिफारस सौम्य झाली. तेव्हा यावर कुणी छातीठोकपणे बोलू लागलं तर मान डोलवू नकोस. मी बोललो तरी.

मी काय करतो ते सांगतो. प्री-ऑक्सिजनेशनमध्ये, म्हणजे भूल देण्याआधी ऑक्सिजन देताना, काटकसर अजिबात नाही, तिथे शंभर टक्केच. श्वासनलिकेत ट्यूब बसली, कॅप्नोचा (उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा) ग्राफ नीट आला, की एफआयओटू, म्हणजे श्वासातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, तीस-चाळीस टक्क्यांवर आणतो आणि सॅच्युरेशन ९५ ते ९८ राहिलं की खूश. रक्त वाहायला लागलं किंवा प्रेशर पडलं, की नॉब परत वर. त्यात कमीपणा नाही.

खरी अडचण वेगळीच. आपल्याकडच्या कित्येक छोट्या ओटींत (ऑपरेशन थिएटरांत) ऑक्सिजनमध्ये मिसळायला मेडिकल एअर, म्हणजे शुद्ध हवाच नसते. ऑक्सिजन किंवा नायट्रस (भुलेचा वायू), बस. आणि नायट्रसची स्वतःची भानगड आहे, ती पुन्हा कधीतरी. म्हणून नव्या ठिकाणी सक्शन तपासतेस तसं 'एअर आहे का?' हेही विचार. 'आहे' म्हणाले तरी फ्लोमीटर (वायूचा प्रवाह दाखवणारी नळी) उघडून त्यातला तरंगता बोबिन हलतोय का बघ.

नौपाड्यातल्या त्या नर्सिंग होमच्या मालकांना एअरच्या सिलिंडरबद्दल मी दोनदा सांगून झालंय. गुरुवारी तुझी लिस्ट तिथेच आहे ना? तिसऱ्यांदा तू सांग.

तुझे,
सर