ओळखीतली मुलगी ओ पेअर म्हणून जर्मनीला नेता येईल का?

नमस्कार ताई,

फ्रँकफुर्टची नोकरी पक्की झाल्याबद्दल अभिनंदन. तुम्ही विचारलंय की मुलं 4 आणि दीड वर्षांची, दोघंही कामावर जाणार, तर मुलुंडच्या ओळखीतली 21 वर्षांची मुलगी ओ पेअर म्हणून सोबत नेली तर? मुलांचं मराठीही टिकेल. मी तिकडे बरीच वर्षं आहे, सध्या सुट्टीला दादरला आईकडे आलेय, म्हणून जरा निवांत लिहिते.

तर ती मुलगी नाही नेता येणार. ओ पेअर म्हणजे परदेशी मुलीने (मुलगाही चालतो) जर्मन बोलणाऱ्या घरात राहून भाषा शिकायची आणि त्या बदल्यात मुलं सांभाळायची. त्यामुळे घरात जर्मन बोलली जावी लागते. ती घरातल्यांची मातृभाषा नसेल, तर यजमान आईवडील ज्या देशाचे, त्या देशातली ओ पेअर चालत नाही. नात्यातली तर मुळीच नाही. तुमच्या घरात मराठीच चालणार, म्हणजे युरोपीय संघाबाहेरच्या कुठल्याच मुलीला तुमच्याकडे यायचा व्हिसा मिळणं कठीण.

आम्हाला जमलं, कारण नवरा जर्मन. आमच्याकडे जॉर्जियाची मुलगी होती वर्षभर. वर्षभरच, त्यापुढे मुदत वाढत नाही. व्हिसाचा अर्ज करताना वय 27 च्या आत लागतं आणि जर्मनची ए वन, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी झालेली असावी लागते. दर महिन्याला 280 युरो हातखर्च, भाषेच्या क्लाससाठी 70, शिवाय विमा, जेवणखाण आणि तिची स्वतंत्र, खिडकी असलेली खोली. आकडे ऐकून स्वस्त वाटतं, पण फ्रँकफुर्टमध्ये एक खोली जास्तीची घेऊन बघा, मग कळेल पैसे कुठे जातात.

आणि त्या बदल्यात तास किती? आठवड्याला 30, दिवसाला जास्तीत जास्त 6. दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या. तुम्ही रात्री जेवायला बाहेर गेलात आणि मुलं झोपलेली असली, तरी ते तास धरले जातात. आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. फोनवर म्हणायची, "अगं, घरातच असते ना दिवसभर, मग चार पोळ्या लाटायला काय होतं तिला?" हसू नका, पहिल्या महिन्यात मीही तशीच वागले. इस्त्रीचा ढीग तिच्यापुढे ठेवला, एक शनिवार परस्पर गृहीत धरला. ती काही बोलली नाही, फक्त जेवायला आमच्यासोबत बसेनाशी झाली. शेवटी नवऱ्याने तासांचा कागद फ्रीजवर लावला. हलकं घरकाम चालतं, पण आपल्याकडच्या मावशींचं गणित डोक्यात ठेवून ओ पेअर आणू नये. दोघांची पूर्णवेळ नोकरी तिच्या भरवशावर होतही नाही. आमची मुलं दिवसा कीटातच, म्हणजे तिथल्या पाळणाघर कम बालवाडीत असायची, ओ पेअर दुपारनंतर सांभाळायची.

तुमच्यासाठी खरा मार्ग कीटाच. 1 ऑगस्ट 2013 पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क असला तरी जागा लगेच मिळते असं नाही, तो वेगळा विषय. धाकट्यासाठी टागेसमुटरही बघा: स्वतःच्या घरी एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळणारी परवानाधारक बाई. दीड वर्षाच्या पोराला मला तरी ती कीटापेक्षा बरी वाटते.

सुरुवातीच्या दिवसांसाठी आजी-आजोबांना न्या. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. मराठीची सोय तीच. फक्त त्यांना थंडीत नेऊ नका, माझे वडील तिसऱ्या दिवशी परतीचं तिकीट विचारत होते.

आणि घराचा पत्ता हातात आला की त्याच दिवशी कीटाची नोंदणी करा. आम्ही "आधी सामान लागू दे" म्हणत दोन महिने घालवले, धाकटीचा नंबर वर्षाने लागला.