फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून माउंटन बाइकवर आठवडाभर फिरायचं असेल आणि जुन्या वास्तूही बघायच्या असतील, तर कुठला मार्ग घ्यावा?

तुमच्या हाताशी आठ दिवस आहेत, सह्याद्रीत सायकल चालवायची सवय आहे, गाड्यांचे रस्ते नकोत आणि वाटेत इतिहास दिसायला हवा, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर सरळ आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला जा आणि ‘कनाल द्यु मिदी’ हा सतराव्या शतकातला कालवा धरा. मात्र सगळे करतात तशी तुलूझ शहरातून सुरुवात करू नका. या कालव्याला पाणी जिथून येतं त्या डोंगरातून सुरुवात करा आणि पाण्यासोबत खाली या.

नोकरीमुळे मी चार वर्षं तुलूझमध्ये होतो. हा मार्ग मी तीनदा केला. पहिल्या दोन वेळा तुलूझहून निघालो. प्रवास सुंदर झाला, पण कालवा नुसताच सोबत होता, कळला नव्हता. तिसऱ्या वेळी वरून आलो आणि तेव्हा कळला.

आधी थोडं समजून घ्या, म्हणजे वाटेवर काय बघायचं ते कळेल. तुलूझजवळची गारोन नदी अटलांटिककडे जाते आणि दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र आहे. मधे जमीन चढते, नोरूझ नावाच्या खिंडीत ती साधारण 189 मीटरवर पोचते आणि पुन्हा उतरते. बोट चढवायची तर लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वरखाली करणारे दारांचे हौद लागतात, आणि लॉक उघडलं की दर वेळी हौदभर पाणी खाली जातं. म्हणजे सगळ्यांत उंच जागी बारा महिने पाणी हवं. तिथे तर नदीच नाही. कित्येक पिढ्या ही योजना याच प्रश्नावर अडलेली होती. कालव्याच्या वाटेवरच्या बेझिए शहरातला पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा माणूस. त्याने उत्तरेकडच्या मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे अडवून, पाट काढून ते पाणी नोरूझला आणायचं ठरवलं. 1666 मध्ये चौदाव्या लुईने हुकूम काढला, पुढच्या वर्षी खोदाई सुरू झाली. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं होती आणि त्यांत बायकाही होत्या. पावसामुळे काम थांबलं तरी मजुरी मिळायची. त्या काळात हे फार मोठं होतं.

माझं बालपण पांझरा नदीच्या काठी फडाच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटाने भिजणाऱ्या शेतीच्या गावात गेलं. आजोबा पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे होते. त्यामुळे त्या डोंगरात पहिल्यांदा पाटाच्या कडेला सायकल उभी केली तेव्हा मला नकाशा लागला नाही. डोंगर सोडायचा नाही, उतार सोडायचा नाही, वळसा पडला तरी चालेल; हे मी लहानपणापासून बघत आलो होतो.

आता वाट सांगतो. सायकल घेऊन कास्तेलनोदारीपर्यंत रेल्वेने जा. तिथून रवेल वीसेक किलोमीटर आहे. शनिवारी पोचलात तर उत्तमच, कारण चौदाव्या शतकातल्या लाकडी छपराच्या मंडईखाली तेव्हा आठवड्याचा बाजार भरतो. ते छप्पर नुसतं खालून बघत उभं राहावं असं आहे. मुक्काम तिथे किंवा सॅं-फेरेओल तलावाकाठी करा. दुसऱ्या दिवशी डोंगर चढा. आल्झो नावाच्या ओढ्यावर पहिला बांध आहे, तिथून डोंगरातला पाट सुरू होतो. वीस-पंचवीस किलोमीटर बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून तुम्ही पाण्याच्या कडेने चालवत राहता. वाट मातीची, कुठे कुठे अरुंद, आणि उतार इतका हलका की पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते पान टाकून बघावं लागतं. चालणारे भेटतात. त्यांना आधी वाट द्यायची, ‘बोंजूर’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

ले कामाझ गावाशी पाट डोंगराच्या पोटात शिरतो. व्होबाँ या लष्करी इंजिनिअरच्या सांगण्यावरून 1680च्या दशकात खोदलेला हा बोगदा सव्वाशे मीटरच्या आतबाहेर आहे. तोंडाशी वाकून बघितलं तर पलीकडचा प्रकाश नाण्याएवढा दिसतो. तिथून पाणी खाली सॅं-फेरेओलच्या तलावात जातं. या तलावाचा बांध 1667 ते 1672 मध्ये झाला आणि त्या काळी युरोपात एवढा मोठा दुसरा नव्हता. लोक तिथे पोहायला येतात. तुम्हीही उतरा, पाय मोकळे होतील.

तिसऱ्या दिवशी सपाटीवरच्या पाटाने नोरूझला जा. साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर. गव्हाची आणि सूर्यफुलांची शेतं, मधे एखादी पवनचक्की, बाकी काही नाही, आणि तेच छान आहे. नोरूझला मात्र घाई करू नका. चिनाराच्या जुन्या रांगेखालून ते पाणी येतं आणि कालव्याला मिळून दोन्हीकडे फाकतं. काही थेंब अटलांटिकच्या वाटेला, काही भूमध्य समुद्राच्या. मी तिथे तासभर बसलो होतो. पाणी अजिबात आवाज करत नाही. ज्याच्यासाठी एका माणसाने आयुष्य आणि सगळी मिळकत लावली, ते इतकं शांतपणे होतं हे बघून मला भरून आलं. जवळच मोठ्या खडकांवर रिकेचा स्मारकस्तंभ आहे. या खडकांच्या भेगा मिटतील त्या दिवशी जग बुडेल, अशी तिथली जुनी समजूत आहे. रिके स्वतः 1680 मध्ये गेला. कालवा खुला झाला 1681 च्या मे महिन्यात.

इथून पुढे कालव्याची कडेची वाट, जिथून पूर्वी घोडे दोर लावून बोटी ओढायचे. तुलूझ ते नोरूझ ती डांबरी आहे. नोरूझच्या पुढे ओद जिल्हा लागला की बराच भाग माती, खडी आणि चिनारांची मुळं. रोड बाइक न्या असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फ्रेंच लोक माउंटन बाइकला ‘वेतेते’ म्हणतात. भाड्याने घेताना तीच मागा, टायर रुंद असू द्या आणि हवा थोडी कमी ठेवा. त्रेब गावाच्या पुढे एका मुळावर माझं पुढचं चाक आपटलं आणि ट्यूब गेली. ठिगळ होतं, पण भोक सापडेना. लॉकवरच्या बाईंनी घरातून पाण्याची बादली आणून समोर ठेवली, ट्यूब बुडवली आणि बुडबुडे आले तिथे स्वतःच बोट दाबून धरलं. मी ठिगळ लावेपर्यंत त्यांनी ते बोट काढलं नाही. मला तेव्हा जेमतेम फ्रेंच येत होतं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि आमचं काही अडलं नाही.

लॉकपाशी थांबाल तेव्हा हौदाचा आकार बघा. भिंती सरळ नाहीत, दोन्हीकडे फुगलेल्या आहेत, वरून बघितलं तर लंबगोल. सुरुवातीला सरळ भिंतीचं लॉक बांधलं होतं, ते मातीच्या दाबाने ढासळलं. मग रिकेने कमान आडवी झोपवावी तशी भिंत बांधली आणि मातीचा दाब तिच्यावरच पेलला. जुन्या पुलांच्या कमानीखाली दगडाच्या कडा हाताने चाचपून बघा. काही ठिकाणी करंगळी बसेल एवढ्या खाचा आहेत. दोर घासून घासून पडलेल्या. आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठावर असतात तशाच.

एका गोष्टीची मनाची तयारी करून जा. चिनारांच्या गर्द कमानीचे फोटो बघून जाल आणि काही पट्ट्यांत नुसती बुंध्यांची जागा किंवा कोवळी रोपं दिसतील. कालव्याकाठी सुमारे 42 हजार चिनार होते. 2006 मध्ये त्यांच्यात बुरशीचा एक रोग सापडला. त्याला औषध नाही, त्यामुळे लागण झालेली झाडं तोडून जाळावी लागतात. हजारो झाडं अशी गेली. दुसऱ्या जातीची झाडं लावताहेत. माझ्या पहिल्या फेरीत ज्या सावलीत जेवलो होतो ती तिसऱ्या फेरीत राहिली नव्हती.

वाटेतल्या कार्कासोन या किल्लेबंद शहराबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दुहेरी तटबंदी, 52 बुरूज. 1209 मध्ये कॅथर या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धात पडलेलं शहर. आज जे दिसतं त्यातलं बरंचसं 1853 पासून व्हिऑले-ल-द्युक या वास्तुविशारदाने केलेल्या दुरुस्तीमुळे उभं आहे. दिवसा गर्दी फार. मुक्काम खालच्या गावात करा आणि संध्याकाळी जुन्या पुलावरून चालत वर जा.

मला त्यापुढचा टप्पा जास्त प्रिय आहे. पाराझाजवळ रेप्युद्र नावाच्या छोट्या ओढ्यावर 1676 चा पूल आहे आणि त्या पुलावरून कालवा जातो. खाली ओढा, वर बोटी. ओढ्यांचं पाणी कालव्यात घेतलं तर गाळ येतो, म्हणून ही युक्ती. शोधावा लागतो, कारण वरून जाताना पूल आहे हेच कळत नाही. सायकल ठेवून खाली ओढ्यात उतरा. पुढे ल सोमाय या गावात कालव्याकाठी जुन्या पुस्तकांचं एक प्रचंड दुकान आहे. इथून बेझिएपर्यंत कालव्याला एकही लॉक नाही. अर्जान्सपासून मोजलं तर चोपन्न किलोमीटरच्या आसपास सलग एकाच पातळीवर तो टेकड्यांना वळसे घालत जातो. द्राक्षांचे मळे दोन्हीकडे.

मालपासला टेकडीच आडवी आली, तेव्हा तीही पोखरली. 1679 मधला हा साधारण 165 मीटरचा बोगदा. त्याच टेकडीच्या पोटात खाली रेल्वेचा बोगदा आहे आणि त्याच्याही खाली तेराव्या शतकात मोंतादीचं तळं कोरडं करायला खोदलेला पाट. वर एन्सेरूनला इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापासूनची वस्ती. तिथवर सायकल ढकलत न्या, चढ चांगलाच आहे. वरून ते मोंतादीचं तळं सूर्यासारखं दिसतं. मधोमध एक बिंदू, आणि तिथून निघालेल्या शेतांच्या पाकळ्या. आजही पाणी त्याच चरांनी मध्यावर येतं. संपूर्ण मार्गावर एकच जागा बघायला मिळणार असेल तर मी ही निवडेन.

बेझिएला फोंसेरानचे एकाला एक लागलेले आठ हौद साडेएकवीस मीटरचा उतार उतरतात. ते बघा, आणि तिथेच सहल संपवा किंवा पन्नासेक किलोमीटर पुढे सेत या बंदरगावी समुद्रात पाय बुडवा.

थोड्या कामाच्या गोष्टी. मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. शरद ऋतूपासून डोंगरात शिकार सुरू असते. ‘शास् आं कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर तिकडे शिरू नका, अंगात भडक रंगाचं जाकीट ठेवा. वाऱ्याचा विचार करूनच दिशा ठरवा: वायव्येकडचा सेर वारा कार्कासोनपासून समुद्राकडे जाताना पाठीवर असतो, पण आग्नेयेकडचा ओताँ सुटला तर नोरूझच्या आसपासच्या लोरागे सपाटीवर दम काढतो. त्या दिवशी अंतर कमी धरा. गावातली दुकानं दुपारी बारा-साडेबारा ते दोन बंद असतात, सोमवारी पुष्कळ ठिकाणी पाव मिळत नाही, म्हणून आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. शाकाहारी असाल तर कास्तेलनोदारीच्या प्रसिद्ध कासुलेपासून सावध राहा. दिसतो घेवड्याचा रस्सा, पण त्यात बदक आणि डुकराचं मांस असतं. बाजारातून चीज, टोमॅटो, पाव घेतला की माझं काम भागायचं. डोंगरात खुणेचे माउंटन बाइक मार्गही आहेत. एक त्रिकोण आणि दोन वर्तुळं अशी पाटी शोधा. हिरवा रंग सोपा, मग निळा, लाल आणि काळा सर्वांत अवघड. सिंहगडाच्या पायवाटा उतरत असाल तर लाल जमेल.

दिवस कमी पडले तर कार्कासोनचा एक दिवस कापा, डोंगरातला नको. आणि निघायचं ठरलं की कुठल्या महिन्यात ते इथे खाली लिहा, त्या वेळी पाटाला पाणी किती असतं आणि मुक्काम कुठे सोयीचा पडेल ते सविस्तर सांगतो.