बाई, मंगळवारच्या भजनाला जा

नागपूरच्या महाल भागातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते :

"मी 73 वर्षांची. 31 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मागच्या जानेवारीत नातू शाळेतून खोकला घेऊन आला. आठवड्याभरानं माझं जेवण सुटलं. ताप नव्हता, खोकलाही जेमतेम. दोन दिवस मी काहीबाही बोलत होते म्हणे, नातीला माझ्या गेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. घरच्यांना वाटलं, वय झालं, विसरायला लागली. तिसऱ्या दिवशी धाप लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस भरती होते.

तेव्हापासून मुलानं सगळं बंद केलं. मंगळवारचं भजन बंद, सकाळी गांधीसागर तलावावर फिरणं बंद, लग्नकार्य बंद. यंदा मारबतीची मिरवणूकसुद्धा गॅलरीतून बघितली. 'आई, काहून जातेस गर्दीत? काय कमी करून राहिलो आम्ही तुला?' असं म्हणतो आणि डोळ्यांत पाणी आणतो. डॉक्टरांनी लशी घ्यायला सांगितल्या, पण किंमत ऐकून मीच नको म्हटलं. पिकल्या पानावर कशाला खर्च? तेवढ्यात नातवाच्या ट्यूशनचे दोन महिने निघतात. पण ताई, घरात बसून जीव कोंडतो. मुलाचं ऐकू की माझं?"

बाई (शाळेत होतात, म्हणून बाईच म्हणते),

आधी त्या दोन दिवसांबद्दल बोलू या. तुमच्या पत्रात ते तीन-चार ओळींत उरकले आहेत, पण माझा जीव तिथेच अडकला.

माझ्या आईला सकाळचा चहा बशीत ओतून प्यायची सवय होती. एका थंडीत दोन दिवस तो चहा ओट्यावर तसाच राहिला, वर साय धरलेली. मला वाटलं रुसली आहे. विचारलं तर म्हणाली, "पाहुणे गेले का?" घरात कोणी पाहुणे नव्हते. मी शेजारणीला सांगितलंही, "आईचं आता वय बोलायला लागलं." तिला लघवीचा संसर्ग झाला होता, आणि तो रक्तात पसरायच्या बेतात होता. अंगाला हात लावला तर गारच. ती बरी झाली, पण "वय बोलायला लागलं" हे माझं वाक्य मी अजून विसरलेले नाही.

ताप म्हणजे शरीर लढतंय याची खूण. उतारवयात ही लढाई उशिरा आणि मंद सुरू होते, त्यामुळे न्यूमोनिया झालेल्या माणसाला ताप येतोच असं नाही. थर्मामीटर 99 वर थांबतो आणि घरचे निश्चिंत होतात. आजार वेगळ्याच वाटेनं दिसतो : जेवण सुटतं, माणूस दिवसा झोपून राहतो, बोलण्यात गोंधळ होतो, उठताना तोल जातो. विस्मरणाचा आजार महिन्या-महिन्यांनी, वर्षावर्षांनी पुढे सरकतो. परवापर्यंत शुद्धीत बोलणारी बाई आज नातीला बहिणीच्या नावानं हाक मारत असेल तर तो गोंधळ आजारातून आलेला आहे असंच धरायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. करोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर तुमच्याही खणात पडलेला असेल. सेल बदला, बोटाला लावा. आकडा 94 च्या खाली उतरायला लागला तर तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. तुमच्या घरच्यांचं प्रेम कमी पडलं असं मी म्हणणार नाही. मी स्वतः तेच केलं आहे. "वय झालं" हे उत्तर इतकं हाताशी असतं की त्याच्यापुढे कोणी शोधतच नाही.

आता पिकलं पान. हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत याचं मला फार वाईट वाटलं. येल विद्यापीठातल्या बेका लेवी यांनी 2002 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओहायोतल्या एका गावातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या 660 लोकांचा. ज्यांना स्वतःचं म्हातारपण ओझं वाटत नव्हतं, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत, पैसा, एकटेपणा यांचा हिशेब वेगळा काढूनही फरक उरलाच. म्हणजे "माझ्यावर कशाला खर्च" हे वाक्य नम्रपणाचं वाटलं तरी ते अंगाला लागतं.

आणि खर्च कोणाच्या पैशांचा? 31 वर्षं नोकरी केलीत, तर पेन्शन तुमची आहे. ती घरात देता हे चांगलंच आहे. पण लशीचे पैसे तुमच्याच पेन्शनमधून, कोणाला न विचारता, बाजूला काढा. सत्तरीपुढच्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. ते काढलं नसेल तर काढून घ्या. पण ते भरती झाल्यावरचं आहे, लशीला लागू नाही. न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूविरुद्धची, लस 2021 पासून देशभरातल्या बाळांना सरकारी लसीकरणात फुकट मिळते, मिळायलाच हवी. आजी-आजोबांना मात्र खिशातून घ्यावी लागते. मला हे पटत नाही. पण धोरण बदलेपर्यंत तुमची फुप्फुसं थांबणार नाहीत.

तुमच्यासाठी दोन लशी तातडीच्या. एक फ्लूची, दर वर्षी, कारण विषाणू रूप बदलत राहतो. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत डोकं वर काढतो. घेतल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून दिवाळीची वाट बघू नका. दुसरी न्यूमोकोकसची. फ्लू श्वासनलिकेचं अस्तर खरवडून ठेवतो आणि मागून हा जंतू आत शिरतो, असं बऱ्याचदा होतं. ती एक डोस की दोन, ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. लस घेतली म्हणजे सर्दी-खोकला होणारच नाही असं नाही. पण भरती होण्याची वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते. नागिणीची लस 2023 पासून भारतात मिळते. दोन डोस, आणि महाग. लहानपणी कांजिण्या झालेल्यांच्या नसांमध्ये तो विषाणू दबून बसतो आणि म्हातारपणी उठतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे आपल्याकडे अजून बोलतात. तसं काही होत नाही. पण फोड गेल्यावरही महिनोन् महिने टिकणारी आग फार छळते. जमेल तेव्हा घ्या, आधी वरच्या दोन.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा आणखी एक करा. बहुतेक ठिकाणी डॉक्टर मुलाकडे बघून विचारतात, "आई जेवतात का?" तुम्ही समोर बसलेल्या असता. तेव्हा शाळेतल्या आवाजात सांगा, "डॉक्टर, मला विचारा."

आता भजन. मुलाची भीती खरी आहे. नऊ दिवस तो दवाखान्याच्या बाकावर बसला असेल. पण बाई, तुमच्याच पत्रात लिहिलंय की खोकला नातू घेऊन आला. भजनी मंडळ त्यात कुठेच नव्हतं. मुलानं बाहेरचं दार लावलं आणि आजार घरातच राहिला. म्हणून नियम घराला लावा. नातू खोकत असेल तेव्हा दोन-चार दिवस तो तुमच्या खोलीत झोपणार नाही, आल्या आल्या हात धुवेल, जवळ येताना मास्क लावेल. तुमच्या खोलीची खिडकी थंडीतही दिवसा उघडी. कवळी असेल तर रात्री काढून, घासून ठेवायची, कारण तोंडातले जंतू झोपेत फुप्फुसात उतरतात. आणि कूलर! उन्हाळा संपून तीन महिने झाले, टाकीत पाणी तसंच असेल. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. आज रिकामी करून घासून घ्या.

पिट्सबर्गमध्ये 1997 मध्ये 276 निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडले होते. ज्यांची नाती नाना तऱ्हेची होती, म्हणजे घर, शेजार, मित्र, मंडळं, त्यांना सर्दी कमी झाली. ज्यांच्याकडे अशी तीनच किंवा त्याहून कमी तऱ्हेची नाती होती, त्यांना सर्दी होण्याचा धोका चौपटीहून जास्त निघाला. ती माणसं पंचावन्नपर्यंतची होती, तुमच्या वयाची नव्हती, हे सांगायला हवं. तरी मला त्यातून एवढं पटलं की माणसांत मिसळणं अंगात बळ ठेवतं. गांधीसागरचं फिरणं तर पायांसाठी लागतंच. खाटेवर पडून राहिलं की म्हातारपणी स्नायू भराभर उतरतात, आणि पाय गेले की पडणं आलं.

भजनाला हॉलमध्ये खिडकीजवळची जागा धरा. कोणी खोकत असेल तर त्या दिवशी अर्ध्यातून घरी या, संकोच करू नका. लग्नात गर्दीच्या पंगतीला मास्क, जेवण लवकर. आणि मारबत पुढच्या वर्षी खाली उतरून बघा, लस घेतलेली असेल. "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणताना गॅलरीतून आवाज पोचत नाही.

मुलाशी भांडू नका. एका रविवारी त्याला समोर बसवा आणि हातात कागद द्या. वर लिहा, "आईचं नेहमीचं". खाली तुमच्या अक्षरात : सकाळी दोन कप चहा. पेपरातलं शब्दकोडं पूर्ण. पूजेनंतर फिरणं. रात्री पोळी दीड. शेवटी : "यातलं एक दिवस चुकलं तर मला विचार. विचारल्यावर मी काही भलतंच बोलले, किंवा दोन दिवस चुकलं, तर ताप असो-नसो, डॉक्टर." फ्रिजवर लावा. त्याला भीतीचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून तो दार लावतो. हा कागद असला की त्याच्या हाताला काम मिळेल, आणि मंगळवारी चार वाजता तो स्वतःच स्कूटर काढेल असं मला वाटतं.

लस घेतल्यावर मला दोन ओळी लिहा.